एजन्सीचा पगार, फ्रीलान्सची कमाई: टीडीएस कापला म्हणजे कर भरला असे नव्हे!

हिंजवडी, खराडी, ऐरोली किंवा नागपूरचे मिहान. आयटी पार्कमधल्या अनेक कंपन्यांत दोन प्रकारची माणसे शेजारी शेजारी बसून एकच काम करतात. एकाच्या पगारपत्रकावर कंपनीचे नाव असते, दुसऱ्याच्या पगारपत्रकावर भरती एजन्सीचे. या दुसऱ्या गटाला ‘थर्ड पार्टी पेरोल’वाले म्हणतात. कंत्राट सहा महिन्यांचे, फार तर वर्षाचे. पुढे काय, हे कुणीच सांगत नाही. त्यामुळे यातले बरेच जण संध्याकाळी आणि शनिवार-रविवारी स्वतःचेही काम घेतात. कुणी वेबसाइट बनवते, कुणी परदेशी ग्राहकासाठी टेस्टिंग करते, कुणी ड्रॉइंग काढून देते.

पोटापाण्याच्या दृष्टीने हे शहाणपणाचे आहे. कराच्या दृष्टीने मात्र यात एक खड्डा आहे आणि तो दरवर्षी बहुतेकांना विवरणपत्र भरतानाच दिसतो. कारण समज असा, की ‘टीडीएस कापलाय, म्हणजे टॅक्स भरलाय.’ प्रत्यक्षात टीडीएस कापणारा प्रत्येक जण फक्त आपण दिलेल्या पैशांकडे पाहतो. सगळ्या पैशांची बेरीज कुणीच करत नाही. ती ज्याची त्यानेच करायची असते आणि २०२५-२६ या आर्थिक वर्षासाठी ती करण्याची महत्त्वाची तारीख आहे १५ मार्च २०२६.

आधी हे पाहा: एजन्सी देते तो पगार आहे की फी?

भरती एजन्सी दोन प्रकारे पैसे देते. बऱ्याच जणांना आपण कोणत्या प्रकारात आहोत हेच ठाऊक नसते.

पहिला प्रकार सरळ आहे. एजन्सी नियुक्तिपत्र देते, पगारपत्रक देते, पीएफ कापते आणि वर्षअखेरीस फॉर्म १६ देते. कर कापला तर तो कलम १९२ खाली कापते. कायद्याच्या भाषेत हा पगार. काम दुसऱ्याच कंपनीच्या इमारतीत होत असले तरी कराच्या हिशेबात मालक एजन्सीच.

दुसरा प्रकार ‘कन्सल्टंट मोड’. यात फोनवर सांगितले जाते, “फक्त टेन पर्सेंट टीडीएस कटेल, बाकी सगळं इन-हँड.” ऐकायला गोड वाटते. प्रत्यक्षात नियुक्तिपत्राऐवजी करारनामा हातात पडतो, पीएफ नसतो, ग्रॅच्युइटीचा प्रश्न नसतो, भरपगारी रजाही नसते. दर महिन्याला एक इन्व्हॉइस पाठवायचे आणि त्यावर कलम १९४-जे खाली १० टक्के कापून उरलेले घ्यायचे. मिळते ते फॉर्म १६-ए. ही फी झाली, पगार नव्हे.

आपण कुठे बसतो हे ओळखायला करार वाचत बसायचीही गरज नाही. प्राप्तिकर पोर्टलवर जाऊन फॉर्म २६-एएस उघडावा. एजन्सीच्या नावासमोर कलमाच्या रकान्यात १९२ असेल तर पगार, १९४-जे असेल तर व्यावसायिक किंवा तांत्रिक फी. कधी तिथे १९४-सी दिसते. म्हणजे एजन्सीने त्या व्यक्तीला चक्क ठेकेदार धरले आहे आणि वैयक्तिक ठेकेदाराचा दर म्हणून फक्त १ टक्का कापला आहे. अशा माणसाच्या हातात महिन्याला जास्त पैसे पडतात, त्यामुळे तो खूश असतो. जुलैपर्यंत.

या वर्गवारीवरच पुढचे सगळे अवलंबून आहे. पगार असेल तर नव्या करप्रणालीत ७५ हजारांची प्रमाणित वजावट मिळते. फीवर ती नाही. उलट फी असेल तर काही व्यवसायांना कलम ४४-एडीए वापरून निम्मी रक्कमच उत्पन्न म्हणून दाखवता येते. पगारावर ते चालत नाही.

साधा हिशेब. कन्सल्टंट मोडमध्ये महिना ६० हजारांवर काम करणारा अभियंता घ्या. दरमहा ६ हजार कापून ५४ हजार हातात येतात. वर्षाची फी ७ लाख २० हजार, टीडीएस ७२ हजार. दुसरे काहीच उत्पन्न नसेल आणि त्याने ४४-एडीए वापरले, तर त्याचे करपात्र उत्पन्न ३ लाख ६० हजार. नव्या प्रणालीत ४ लाखांपर्यंत कर शून्य. म्हणजे ७२ हजारांतला रुपयाही सरकारचा नव्हे, सगळा परत मिळायला हवा. पण तो आपोआप परत येत नाही. विवरणपत्र भरले तरच येतो. आणि ‘माझे उत्पन्न कमी आहे, मला रिटर्न कशाला’ हेही इथे लागू नाही. वर्षभरात २५ हजार किंवा त्याहून जास्त टीडीएस कापला गेला असेल तर विवरणपत्र भरणे सक्तीचेच आहे.

नाव ‘कन्सल्टंट’ ठेवले म्हणून कन्सल्टंट होत नाही

इथे एक मोह होतो. पगार असताना १०० टक्के रक्कम धरायची आणि फी असताना ५० टक्के, तर मग सगळ्यांनीच कन्सल्टंट व्हावे की! काही एजन्सी हेच आमिष दाखवतात.

पण कागदावर काय लिहिले यापेक्षा संबंध प्रत्यक्षात कसा आहे, हे न्यायालये पाहतात. कामाची पद्धत कोण ठरवतो, देखरेख कोणाची, वेळ कोणाची, हजेरी कोण घेतो, दुसरीकडे काम करायची मुभा आहे का? हा वाद जुना आहे. ध्रांगध्रा केमिकल वर्क्सच्या मिठागरांत काम करणारे अगरिया हे स्वतंत्र ठेकेदार की कामगार, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे आला होता. १९५६ साली न्यायालयाने ते कामगारच असल्याचा निष्कर्ष कायम ठेवला, ते मदतीला स्वतःची माणसे लावत असूनही. दुसऱ्या बाजूचे उदाहरण पुण्यातलेच आहे. एका मोठ्या रुग्णालयातले ठरावीक रक्कम मिळणारे डॉक्टर हे रुग्णालयाचे कर्मचारी की स्वतंत्र व्यावसायिक, यावर प्राप्तिकर खाते आणि रुग्णालय भांडले. मुंबई उच्च न्यायालयाने २०१५ मध्ये करारातल्या अटी पाहून ते कर्मचारी नाहीत असे म्हटले.

म्हणजे निकाल दोन्हीकडे लागू शकतो. सकाळी नऊला बायोमेट्रिक लावून सहाला सुटणारा, रजेसाठी मॅनेजरला मेल करणारा आणि दुसरे काम करायला बंदी असलेला माणूस स्वतःला स्वतंत्र व्यावसायिक म्हणवत असेल, तर खात्याने विचारल्यावर उत्तर देणे त्याला जड जाईल. नोटीस एजन्सीला जाऊ शकते तशी त्यालाही येऊ शकते. दोघांपैकी वकील ठेवायची ऐपत कोणाची जास्त, हे सांगायला नको.

शून्य अधिक शून्य बरोबर ८८,१४०

आता पगारवाल्यांकडे येऊ. त्यांना वाटते, आपले तरी सगळे नीट आहे. कंत्राटी नोकरीत मात्र एजन्सी वर्षाच्या मध्येच बदलते आणि घोळ तिथे होतो.

समजा, एका टेस्टरने एप्रिल ते सप्टेंबर पहिल्या एजन्सीकडे सहा महिन्यांचे कंत्राट केले, पगार महिना १ लाख २० हजार. ऑक्टोबरपासून मार्चपर्यंत दुसऱ्या एजन्सीकडे तेवढ्याच पगारावर. पहिल्या एजन्सीने आपल्यापुरता हिशेब केला. ७ लाख २० हजार पगार, त्यातून ७५ हजार वजा, उरले ६ लाख ४५ हजार. नव्या प्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कलम ८७-ए ची सूट असल्यामुळे कर शून्य, म्हणून टीडीएस शून्य. दुसऱ्या एजन्सीनेही हुबेहूब हेच केले. दोघींचाही हिशेब आपापल्या जागी बरोबर.

प्रत्यक्षात वर्षाचा पगार १४ लाख ४० हजार. ७५ हजारांची वजावट एकदाच मिळते, दोनदा नव्हे. करपात्र उत्पन्न १३ लाख ६५ हजार. त्यावर कर: पहिले ४ लाख शून्य, पुढच्या ४ लाखांवर ५ टक्क्यांनी २० हजार, त्यापुढच्या ४ लाखांवर १० टक्क्यांनी ४० हजार आणि वरच्या १ लाख ६५ हजारांवर १५ टक्क्यांनी २४,७५०. एकूण ८४,७५०, त्यावर ४ टक्के उपकर. झाले ८८,१४० रुपये. टीडीएस मात्र दोन्हीकडे शून्य.

यावर उपाय कायद्यात आहे. नव्या एजन्सीकडे रुजू होताना फॉर्म १२-बी भरून आधीच्या पगाराचा आणि टीडीएसचा तपशील देता येतो. मग नवी एजन्सी दोन्ही पगार धरून कर कापते. हा फॉर्म रुजू होण्याच्या कागदांच्या गठ्ठ्यात बहुधा असतोही. पण ‘लागू नाही’ लिहून पुढे सरकायची सवय असते आणि एचआरलाही तेच सोयीचे वाटते.

पगाराच्या जोडीला फ्रीलान्सिंग असेल तर?

आता मूळ गोष्ट. समजा, खराडीतली एक सॉफ्टवेअर अभियंता एजन्सीच्या पेरोलवर आहे. महिना ९० हजार, वर्षाला १० लाख ८० हजार. वजावट जाऊन १० लाख ५ हजार. एवढ्यावर ८७-ए मुळे कर शून्य, म्हणून एजन्सी काहीच कापत नाही. जोडीला तिने परदेशी ग्राहकांसाठी काम करून वर्षभरात ९ लाख रुपये मिळवले. परदेशी ग्राहक भारतातला टीडीएस कापत नाही.

४४-एडीए प्रमाणे ९ लाखांचे निम्मे, म्हणजे साडेचार लाख तिचे व्यवसायाचे उत्पन्न. पगार आणि हे मिळून १४ लाख ५५ हजार. ‘१२ लाखांपर्यंत कर नाही’ ही गेल्या वर्षीची गाजलेली घोषणा तिला आता लागू नाही. १२ लाखांच्या जरासे वर गेलेल्यांना सीमांत सवलत मिळते, पण ती अगदी काठावरच्यांसाठी आहे. तिचा कर येतो ९८,२५० आणि उपकरासह १ लाख २ हजार १८०. भरलेला कर शून्य.

तेच ९ लाख भारतीय कंपन्यांकडून आले असते आणि सगळ्यांनी १० टक्के कापले असते, तर ९० हजार आधीच जमा असते. तरीही १२,१८० बाकी राहिले असते. हा मुद्दा चुकून सुटतो, म्हणून ठळकपणे: टीडीएस वजा जाता बाकी कर १० हजार किंवा जास्त असेल तर आगाऊ कर, म्हणजेच ॲडव्हान्स टॅक्स, भरावा लागतो. म्हणजे इथेही भरावाच लागतो.

शिवाय ‘भारतीय ग्राहक आहे, टीडीएस कापलाच असेल’ हेही गृहीत धरू नये. १९४-जे मध्ये एका ग्राहकाने वर्षभरात दिलेली रक्कम ५० हजारांच्या वर गेली तरच कपात होते. १ एप्रिल २०२५ पूर्वी ही मर्यादा ३० हजार होती. दहा छोट्या ग्राहकांनी ४५-४५ हजार दिले तर साडेचार लाखांवर एक रुपयाही कापला जाणार नाही. गल्लीतल्या दुकानदाराने वेबसाइट करून घेतली आणि त्याची उलाढाल लेखापरीक्षणाच्या मर्यादेत येत नसेल, तर त्याच्यावर टीडीएस कापायचे बंधनच नाही.

१५ मार्च का?

आगाऊ कर सामान्यतः चार हप्त्यांत भरायचा असतो: १५ जूनपर्यंत १५ टक्के, १५ सप्टेंबरपर्यंत ४५, १५ डिसेंबरपर्यंत ७५ आणि १५ मार्चपर्यंत पूर्ण. पण ४४-एडीए वापरणाऱ्यांना एकच हप्ता. सगळी रक्कम १५ मार्चपर्यंत. वर्षभर काही केले नसेल तरी त्यांची अजून गाडी चुकलेली नाही.

आणि चुकली तर? वरच्या उदाहरणातल्या अभियंतीने १ लाख २ हजार १८० रुपये थेट जुलैअखेर भरले, तर कलम २३४-बी खाली एप्रिल ते जुलै या चार महिन्यांचे दरमहा १ टक्का आणि २३४-सी खाली आणखी १ टक्का व्याज. मिळून सुमारे ५,१०० रुपये. आभाळ कोसळत नाही, पण फुकट गेलेले पैसे आहेत. १५ मार्च हुकली तरी ३१ मार्चपर्यंत भरलेली रक्कम आगाऊ करच धरली जाते, त्यामुळे २३४-बी चे व्याज टळते. तो पंधरवडा कामाचा आहे.

भरणे सोपे आहे. प्राप्तिकर पोर्टलवर ‘ई-पे टॅक्स’ मध्ये पॅन आणि मोबाइलवर ओटीपी. लॉगिनही लागत नाही. मूल्यांकन वर्ष २०२६-२७ निवडायचे. घाईत २०२५-२६ निवडले जाते आणि पैसे भलत्याच वर्षाच्या खात्यात जाऊन बसतात. प्रकार ‘ॲडव्हान्स टॅक्स’, क्रमांक १००. चलनाची प्रत जपून ठेवायची.

दुसरा मार्ग एजन्सीमार्फत. ऑक्टोबर २०२४ पासून फॉर्म १२-बीएए आला आहे. त्यात पगाराव्यतिरिक्तचे उत्पन्न आणि इतरत्र कापलेला टीडीएस कळवला, की एजन्सी पगारातूनच जास्त कर कापते. महिन्या-महिन्याने गेल्यामुळे एकदम टोचत नाही. मग सगळे हा मार्ग का घेत नाहीत? कारण उघड आहे. हा फॉर्म भरणे म्हणजे ‘मी बाहेरचेही काम करतो’ असे एजन्सीला लेखी सांगणे. २०२२ मध्ये विप्रोने मूनलायटिंगच्या कारणावरून ३०० जणांना काढल्यापासून आयटीतल्या कुणालाही हा विषय लेखी काढायचा नसतो. त्यामुळे आधी करारातले ‘दुसरे काम करणार नाही’ हे कलम वाचावे. ते असेल तर प्रश्न कराचा नसून नोकरीचा आहे आणि आगाऊ कर स्वतः भरला म्हणून तो सुटत नाही. फ्रीलान्सिंगचे उत्पन्न लपवणे हा मात्र यातला उपाय नव्हे. बँक, ग्राहक आणि टीडीएसची माहिती एआयएसमध्ये येतच असते.

४४-एडीए सगळ्यांसाठी नाही आणि हे चूक आहे

२०१६-१७ पासून लागू असलेली ही सवलत छोट्या व्यावसायिकांना हिशेबाच्या वह्यांतून सोडवण्यासाठी आली. वकील, डॉक्टर, अभियंता, वास्तुविशारद, लेखापाल, तांत्रिक सल्लागार, अंतर्गत सजावटकार आणि अधिसूचित केलेले काही व्यवसाय, ज्यात माहिती तंत्रज्ञान आणि चित्रपट कलावंत येतात. वर्षाची फी ५० लाखांपर्यंत, आणि रोखीने घेतलेली रक्कम ५ टक्क्यांपेक्षा जास्त नसेल तर ७५ लाखांपर्यंत. निम्म्याहून कमी उत्पन्न दाखवायचे असेल तर मात्र वह्याही ठेवाव्या लागतात आणि एकूण उत्पन्न करमुक्त मर्यादेच्या वर असल्यास लेखापरीक्षणही.

यादी पाहिली की प्रश्न पडतो. कोड लिहिणारा यात आहे. त्याच ॲपसाठी मजकूर लिहिणारी किंवा चित्रे काढणारी कुठे आहे? कंटेंट रायटर, ग्राफिक डिझायनर, भाषांतरकार यांचे नाव यादीत स्पष्टपणे नाही. कुणी सल्लागार त्यांना ‘तांत्रिक सल्ला’ मध्ये बसवतो, कुणी ४४-एडी मध्ये ढकलतो, जिथे डिजिटल जमेवर ६ टक्के उत्पन्न धरले जाते. सावध सल्लागार खरा नफा काढून आयटीआर-३ भरायला सांगतो. एकाच टेबलावर बसणाऱ्या दोघांना वेगळा नियम लागावा आणि तो कोणता, हेही नक्की नसावे, हे कायद्याच्या सोपेपणाच्या दाव्याला शोभत नाही. यादी वाढवायला संसदेत नवा कायदा करावा लागत नाही. अधिसूचना काढून व्यवसाय जोडण्याची सोय त्यातच आहे. माहिती तंत्रज्ञान तसेच आले. भाषांतरकाराला तसे आणायला कोणाची हरकत आहे?

फॉर्म कोणता आणि करप्रणाली कोणती?

फक्त पगार असताना भरलेले आयटीआर-१ आता चालणार नाही. पगार आणि ४४-एडीए मिळून एकूण उत्पन्न ५० लाखांच्या आत असेल तर आयटीआर-४. पण त्याच वर्षी शेअर किंवा म्युच्युअल फंड विकून अल्पकालीन नफा झाला असेल, तर आयटीआर-३. मोबाइलवर ॲप उघडून शेअर घेणे-विकणे करणाऱ्यांच्या हे ध्यानात येत नाही आणि चुकीच्या फॉर्मवरचे विवरणपत्र सदोष ठरते.

करप्रणालीचा सापळा याहून बारीक आहे. केवळ पगारदार असलेल्याला दरवर्षी जुनी की नवी हे नव्याने निवडता येते. व्यवसायाचे उत्पन्न जोडले गेले की ही मुभा संपते. जुनी प्रणाली हवी असेल तर विवरणपत्राच्या मुदतीत फॉर्म १०-आयईए भरावा लागतो. नंतर एकदा नव्या प्रणालीत परतता येते. पण परतल्यावर, व्यवसायाचे उत्पन्न चालू असेपर्यंत, पुन्हा जुनीकडे जाता येत नाही. गृहकर्ज आणि घरभाड्याच्या सवलतीमुळे जुनी प्रणाली धरून बसलेल्या कुणी हौसेने दोन लाखांचे फ्रीलान्सिंग सुरू केले, तर त्याने हे आधी बघायला हवे.

जीएसटीचे थोडक्यात. सेवांची मर्यादा वर्षाला २० लाख. पगार यात मोजत नाहीत. कन्सल्टंट म्हणून एजन्सीकडून मिळालेली फी मात्र मोजतात आणि परदेशी ग्राहकांची कमाईही. ही बेरीज पूर्ण रकमेची असते, ४४-एडीए मधल्या निम्म्याची नव्हे. म्हणजे एजन्सीची १४ लाख फी आणि बाहेरचे ७ लाख असतील, तर प्राप्तिकरात उत्पन्न साडेदहा लाख दिसले तरी जीएसटीची नोंदणी लागते.

महाराष्ट्रात व्यवसाय करही आहे. राज्यघटनेने त्याला वर्षाला २,५०० रुपयांची कमाल मर्यादा घातली आहे. पेरोलवर असणाऱ्याचा तो पगारातून जातो. कन्सल्टंट मोडवाल्याचा कुणीच कापत नाही, त्याची नोंदणी त्यानेच करायची. रक्कम लहान आहे, पण थकली की व्याजासह मागणी येते.

एजन्सीने एक ओळ लिहिली तर?

या सगळ्यात चूक कोणाची, असे विचारले की बोट नेहमी तरुणांकडे जाते: ‘आर्थिक साक्षरता नाही.’ हे अर्धेच खरे. एजन्सीला पहिल्या दिवसापासून माहीत असते की ती १९२ खाली कापणार की १९४-जे खाली. ती ते ऑफर देतानाच एका ओळीत लिहू शकते: ‘हा पगार नाही, फी आहे. पीएफ नाही. कापलेले १० टक्के हा तुमचा अंतिम कर नाही.’ ही ओळ लिहिली जात नाही, कारण ती वाचून काही जण नकार देतील. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या श्रमसंहितांनी कामगारांना नियुक्तिपत्र देणे बंधनकारक केले आहे. पण ‘कन्सल्टंट’ म्हटले, की त्या पत्रातून सुटायची वाट मिळते. जिथे कन्सल्टंट मोड आहे, तिथे ही एक ओळ सक्तीची करायला काय हरकत आहे?

प्राप्तिकर खात्याचेही तसेच. एकाच पॅनवर एका वर्षात दोन मालकांकडून पगार नोंदला गेला, हे खात्याच्या संगणकाला प्रत्येक तिमाहीची विवरणे आल्यावर कळते. विवरणपत्र भरल्यानंतर जुळत नाही म्हणून संदेश पाठवणारी हीच यंत्रणा, फेब्रुवारीत ‘तुमचे दोन पगार दिसतात, बेरीज तपासा’ असा एसएमएस पाठवू शकते. तसे झाले तर व्याजही लागणार नाही आणि माणूस घाबरणारही नाही.

१ एप्रिल २०२६ पासून प्राप्तिकर कायदा, २०२५ लागू होतो आहे. कलमांचे क्रमांक बदलतील, त्यामुळे १९२, १९४-जे, ४४-एडीए ही नावे पुढच्या वर्षीच्या कागदांवर शोधून सापडणार नाहीत. २०२५-२६ चा हिशेब मात्र जुन्याच कायद्याने होणार आहे.

तोवर आज करता येण्यासारखे एक काम आहे. ऑक्टोबर ते डिसेंबर या तिमाहीची टीडीएस विवरणे भरायची मुदत ३१ जानेवारीला संपली. म्हणजे डिसेंबरपर्यंत जे कापले, ते आता २६-एएस मध्ये दिसायला हवे. पगारपत्रकावर कपात आहे आणि २६-एएस मध्ये नाही, असे असेल तर एजन्सीने एकतर चुकीच्या पॅनवर भरले किंवा भरलेच नाही. पहिली गोष्ट एका मेलने दुरुस्त होते. दुसरीसाठी पगारपत्रके, इन्व्हॉइस आणि बँकेचे उतारे आत्ताच डाउनलोड करून ठेवावेत. कंत्राट संपले की एजन्सीच्या पोर्टलचे लॉगिन बंद होते. कापलेला कर एजन्सीने सरकारकडे भरला नाही, म्हणून तेवढा कर पुन्हा कर्मचाऱ्याकडून वसूल करता येत नाही, असे प्राप्तिकर कायद्याचे कलम २०५ सांगते. पण तो कापला गेला होता, हे दाखवायला कागद त्याच्याकडेच असावे लागतात.